जागा सरकारी, माती आपली

सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला बागेची हौस असली की त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "अहो, आज ना उद्या बदली होणार. झाड लावून फळ खाणार कोण?" प्रश्न अगदीच गैरलागू नाही. आर. के. पुरम, म्हणजे आपले रामकृष्णपुरम, ही वसाहत मुळात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली. क्वार्टर मिळाले की सामान लावायचे, आणि बदली किंवा निवृत्ती आली की चावी परत करायची. अशा जागेत माणूस फार तर तुळस लावतो, तीही डब्यात, म्हणजे सामानाबरोबर ट्रकमध्ये चढवता येते.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही काही जण रविवारी सकाळी वसाहतीतील मुलांना बागकाम शिकवतो. शिकवणाऱ्यांत शेतकी पदवीधर एकही नाही. दोन गृहिणी आहेत, एक निवृत्त काका आहेत आणि मी रेल्वेत काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर. मुलांना शिकवायचे म्हणून मी वाचू लागलो, आणि लक्षात आले की हे काम आपल्या लोकांना नवीन नाही. महाराष्ट्रात बागकाम शिकवण्याचा जुना आणि मोठा इतिहास आहे. त्यात ठिकठिकाणी अशी माणसे भेटतात ज्यांचा तो पेशा नव्हता आणि ज्यांच्या पायाखालची जागाही पुष्कळदा त्यांची नव्हती. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

पुणे आणि वर्धा

पुण्याची एम्प्रेस गार्डन आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. एकेकाळी ती 'सोल्जर्स गार्डन' म्हणून ओळखली जाई. तिची व्यवस्था पाहणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची आहे. बागायतीची हौस आणि माहिती लोकांत पसरावी हा तिचा हेतू, आणि तिची पुष्पप्रदर्शने आजही पुणेकरांच्या जिव्हाळ्याची आहेत. परंतु संस्था आणि प्रदर्शने शहरात होती, आणि ज्याच्या हातात खुरपे होते तो त्यांच्यापासून लांब होता.

हे अंतर ज्यांनी नेमके ओळखले ते महात्मा जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचा व्यवसायच फुलांचा होता, आणि 'फुले' हे नावही त्यातूनच आले. आमच्यासारख्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे खडकवासला धरणाच्या बांधकामात ठेकेदार म्हणूनही त्यांनी काम केले होते. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगितली, तसे उपायही सांगितले. पावसाच्या पाण्याबरोबर पालापाचोळ्याचे आणि मातीचे सत्त्व वाहून जाते, ते शेतातच मुरावे म्हणून बंधारे घालावेत, आणि या कामी सरकारने आपल्या पलटणी आणि पोलीस लावावेत, अशी सूचना त्यात आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांच्या धंद्याचे शिक्षण मिळावे हाही त्यांचा आग्रह होता. माती ही जपून ठेवायची आणि वाढवायची ठेव आहे, ही गोष्ट त्यांनी इतक्या आधी स्वच्छ शब्दांत मांडली.

त्यानंतरचा टप्पा वर्ध्याचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम'चा विचार पुढे आला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. या समितीने शाळेत शिकवण्यासाठी जे मूलोद्योग सुचवले त्यांत सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर फळे आणि भाजीपाल्याची बाग हाही एक होता. वाफा मोजताना गणित, खत कुजवताना विज्ञान, बाजारभाव लिहिताना भाषा, अशी ती कल्पना. सेवाग्रामला ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ती प्रत्यक्षात आणली. तिथली शाळा मध्यंतरी बंद पडली होती. २००५ साली ती 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली आणि मुलांच्या हाती पुन्हा कुदळ आली.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) याच धर्तीवर 'कार्यानुभव' हा विषय सुचवला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. दिल्लीत राहून देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या मराठी माणसांत त्यांचे नाव फार वर घ्यावे लागेल. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' आणले. आपली मुले शाळेत ज्याला एस.यू.पी.डब्ल्यू. म्हणत, ते हेच. माझ्या वयाच्या वाचकांना कार्यानुभवाचा तास आठवत असेल. आमच्या शाळेत त्या तासाला पाकिटे चिकटवायची किंवा गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा, अशी पद्धत होती. विषय वेळापत्रकात आला, पण स्वतः चार रोपे जगवलेला शिक्षक मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

रुळांकडेचे वाफे

असाच अनुभव 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेचा. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली तेव्हा १९४२ च्या सुमारास ती सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. तिचा आढावा घेणाऱ्या समितीने १९५२ साली अहवाल दिला आणि गावोगाव जाऊन शेतकऱ्याशी बोलणारी विस्तारसेवा देशभर उभारण्याची शिफारस केली. १९५३ पासून राष्ट्रीय विस्तारसेवा सुरू झाली. बी, खत आणि कर्ज देऊन भागत नाही, समजावून सांगणारा माणूसही लागतो, हे सरकारला दहा वर्षांच्या अनुभवातून कळले.

रेल्वेत या मोहिमेचे नाव टिकून राहिले. रुळांच्या कडेची मोकळी जागा कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना परवान्यावर भाजीसाठी द्यायची, म्हणजे अतिक्रमणही टळेल आणि भाजीही पिकेल, अशी ती दुहेरी योजना. मुंबईच्या लोकलमधून प्रवास केलेल्यांनी हे पालक आणि लाल माठाचे वाफे खिडकीतून पाहिलेच असतील. हेतू उत्तम होता. पण काही ठिकाणी भाजीला नाल्याचे सांडपाणी घातले जाते अशी टीका वर्षानुवर्षे होत राहिली. मी त्या वाफे करणाऱ्यांना दोष देणार नाही. परवाना जागेचा होता, शिकवणीचा नव्हता. कोणते पाणी चालेल, पालेभाजी सांडपाण्यातून काय शोषून घेते, हे शेजारी बसून सांगणारे कोणी असते तर त्याच वाफ्यांची कीर्ती वेगळी झाली असती.

गारगोटीचे गणिताचे प्राध्यापक

या सर्व इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटणारे नाव श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे १९४७ साली मौनी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या उभारणीत वर उल्लेख केलेले जे. पी. नाईक अग्रभागी होते. या विद्यापीठात दाभोलकर गणित शिकवत. शेतीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९६० च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला.

परिवाराची रीत साधी होती. ज्याने आपल्या बागेत काही करून पाहिले, त्याने निरीक्षणे नोंदवायची आणि इतरांना दाखवायची. दुसऱ्याने ती आपल्या बागेत पडताळून पाहायची. यात कायमचा गुरू कोणी नाही आणि कायमचा विद्यार्थीही नाही. दाभोलकर शेतकऱ्याला पानांचे क्षेत्रफळ मोजायला लावत, कारण सूर्यप्रकाश पकडते ते पान. मुळांकडे बघायला लावत, कारण अन्न ओढते ती कोवळी पांढरी मुळी. गणिताच्या माणसाने शेतकऱ्याच्या हाती कृतीचा कागद दिला नाही, हिशेब करायला शिकवले. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जागा, नीट सांभाळली तर पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन.

त्यांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो द्राक्षांत. कमी शिकलेले शेतकरी छाटणी, पानांची संख्या, घडांचे वजन यांवर शास्त्रज्ञासारखे बोलू लागले. त्याच द्राक्षपट्ट्यात, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, बोरगावचे बागाईतदार वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस द्राक्षातून एक सरस वाण निवडून काढले. त्याचे नाव 'तास-ए-गणेश'. नावातला 'तास' तासगावचा, आणि गणेश तर आपल्या सर्वांचाच. तासगावच्या गणपतीचे सातमजली गोपूर आणि गणेशोत्सवातला रथ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे नाव वेगळे समजावून सांगायला नको. बाजारातून आपण द्राक्षे आणतो तेव्हा त्यामागे शेतकऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी केलेली अशी निवड असते, हे मुलांना जरूर सांगावे.

गच्चीवरची शाळा

दाभोलकर २००१ साली गेले, पण त्यांचा विचार तोवर शहरात पोहोचला होता. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी हे अर्थशास्त्रज्ञ आपल्या गच्चीवर पिशव्यांतून आणि पिंपांतून भाज्याच काय, ऊससुद्धा घेऊन दाखवत आणि येईल त्याला शिकवत.

या परंपरेतले आम्हा नोकरदारांना सर्वांत पटणारे उदाहरण मुंबई पोर्ट ट्रस्टचे. त्यांच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांचे जेवण बनत असे. भाजीची देठे, साली आणि उरलेले अन्न यांचा रोजचा ढीग. तेथील खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच स्वयंपाकघराच्या सुमारे ३,००० चौरस फूट गच्चीवर या कचऱ्यातून बाग उभी केली. रोजचे काम आटोपल्यावर स्वयंपाकघरातील कर्मचारीच ती सांभाळत. दीडशेच्या आसपास झाडे तेथे वाढली. जागा सरकारी, वेळ फावला, कचरा फुकट. बदलीची आणि निवृत्तीची तलवार तेथेही होतीच.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. २००९ पासून 'अर्बन लीव्हज' या नावाने स्वयंसेवक एकत्र आले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेची गच्ची, धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी जमून नव्या माणसांना माती बनवायला शिकवू लागले. निसर्ग उद्यानाची जागा तर एकेकाळची कचराभूमी. कचऱ्यावर सदतीस एकरांचे रान उभे राहिले आणि ते १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. माती विकत आणावी लागत नाही, ती बनवता येते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल.

येथे इंजिनिअर म्हणून एक सावधगिरीची सूचना करणे माझे कर्तव्य आहे. वापरातल्या गच्चीवर माणसांचा आणि सामानाचा मिळून चौरस मीटरला १५० किलो भार धरण्याची आपल्याकडे मानक पद्धत आहे. ओल्या मातीचा एक फुटाचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जातो. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे कधीही घालू नयेत. गच्चीची बाग पालापाचोळ्याच्या हलक्या मिश्रणावर करावी, कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या वर ठेवाव्यात, आणि तेही परवानगी घेऊन. दुसरी गोष्ट निचऱ्याची. रुळाखालची खडी चिखलाने भरली की पाणी अडते आणि रूळ खचू लागतो. कुंडीचे भोक बुजले की मुळांचे तेच होते. मुलांना मी हे खडी आणि माती भरलेल्या दोन बाटल्यांत पाणी ओतून दाखवतो.

आर. के. पुरममध्ये

आता आपल्या वसाहतीकडे. आपण अरवलीच्या शेपटावर राहतो. मलाई मंदिर ज्या टेकाडावर आहे ते पाहिले की हे ध्यानात येते. येथे फावडे मारले की खडक नाहीतर बदरपूर आणि विटांचे तुकडे लागतात. म्हणून आम्ही मुलांना पहिले दोन महिने बी पेरूच दिले नाही. पाने गोळा करायला लावली. दिल्लीत कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि पूर्वी ही पाने सर्रास पेटवली जात. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदी घातली. जे जाळले असते तेच आमचे भांडवल झाले. तीन पाट्या कोरडी पाने, एक पाटी ओला कचरा, वरून शेणाचे पाणी, आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ. ढिगाच्या आत हात घातल्यावर लागणारी ऊब मुलांना सर्वांत जास्त आवडली.

गणेशोत्सव या कामाच्या मुहूर्ताला अगदी योग्य आहे. अनंत चतुर्दशीपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत जवळजवळ पंचेचाळीस दिवस मिळतात, आणि निर्माल्याचे खत व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. यमुनेत निर्माल्य टाकण्यावर २०१५ पासून पाच हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीपेक्षा खताचा मोह अधिक चांगला. दोरे, प्लास्टिक, चमकी वेगळी काढली की फुले-दूर्वा सरळ ढिगात जातात. दिल्लीची भाजीही याच सुमारास सुरू होते. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, वाटाणा हे सर्व दसऱ्याच्या आगेमागे पेरायचे. म्हणजे बाप्पाची फुले दिवाळीला वाफ्यात आणि संक्रांतीला भोगीच्या भाजीतले गाजर-वाटाणे घरचे.

मुलांसाठी यंदा एक अभ्यासही ठेवला आहे, एकवीस पत्री ओळखण्याचा. पुण्या-मुंबईला पत्री बाजारात जुडीने मिळते. येथे ती शोधावी लागते, आणि शोधली की सापडते. दूर्वा, बेल, तुळस, पिंपळ, बोर, रुई, धोत्रा, आघाडा, कण्हेर, डाळिंब, अर्जुन यांतले बरेचसे वसाहतीत आणि आसपासच्या रस्त्यांवरच आहे. शमीची तर गंमतच आहे. राजस्थानात जिला खेजडी म्हणतात तीच ही शमी, म्हणजे ती या बाजूचीच मूळ रहिवासी. दिल्लीच्या रिजवर जिकडेतिकडे दिसतो तो विलायती कीकर मात्र बाहेरून आणून लावलेला. दोन्हींची पाने शेजारी ठेवून ओळखणारी मुले आता आपल्याकडे तयार होत आहेत. मोठ्यांपैकी किती जणांना जमेल, हे मंडपात पाहू.

एक काळजीही मांडतो. शेजारच्या मोहम्मदपूर, नेताजीनगर, सरोजिनीनगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. बैठ्या आणि दुमजली घरांच्या जागी उंच इमारती आल्या किंवा येत आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील झाडे तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. घरे हवीत हे इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे. पण तळमजल्याच्या क्वार्टरपुढचे ते चार हात अंगण, जेथे एखाद्या काकूंनी अळू लावला आणि एखाद्या काकांनी कढीपत्ता, ते नकाशात परत येत नाही. आज आम्ही बनवत असलेली मातीही एक दिवस पायाच्या खोदाईत जाईल, हे गृहीत धरूनच आम्ही काम करतो.

आणि म्हणूनच शिकवण्याला महत्त्व. गारगोटीच्या प्राध्यापकांचे दहा गुंठे कोणाच्या नावावर होते हे आज कोणी विचारत नाही, त्यांची रीत मात्र हजारो बागांत गेली. पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर शिकलेले लोक आपापल्या घरी गेले आणि तेथे कुंड्या भरू लागले. बदली होणाऱ्या माणसाला झाड बरोबर नेता येत नाही, पण झाड लावायची विद्या नेता येते, आणि मागे राहणाऱ्यालाही ती देऊन जाता येते. आपल्या समितीतल्या कुटुंबांची बदली भोपाळ, नागपूर, गुवाहाटी, कुठेही होवो. मूल जर खताचा ढीग लावायला शिकले असेल, तर तेथेही एक क्वार्टर हिरवे होईल.

रविवारी सकाळी साडेसात ते नऊ एवढीच वेळ. शेतकीचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्या घरी आजवर एक मनीप्लँटसुद्धा जगला नाही त्यांनीही यावे, कारण शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात तिथूनच झाली आहे. येताना स्वयंपाकघरातील भाजीच्या देठांचा डबा आणावा. आणि यंदा विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याची टोपली मंडपाच्या उजव्या बाजूला ठेवलेल्या पिंपात रिकामी करावी, ही सर्व भक्तांना नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!